बाटलीतला पाऊस: सहावी ते आठवीसाठी मोजमाप आणि प्रयोगाची पहिली उजळणी

पावसाळ्यात पेपरात रोज गावांच्या नावापुढे आकडे येतात, आणि ते असतात मिलिमीटरमध्ये. दूध लिटरमध्ये, टँकर लिटरमध्ये, धरणातलं पाणी टीएमसीमध्ये, पाऊस मात्र पट्टीवरच्या एककात! असं का, हा प्रश्न तुम्हाला कधी पडला असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे. पडला नसेल तरी बिघडत नाही, बाटली कापायला घेतली की पडेल.

आधी त्या मिलिमीटरचं पाहू. पडलेलं पाणी कुठे वाहून गेलं नाही, जमिनीत मुरलं नाही, उन्हाने उडून गेलं नाही, तर सपाट जागेवर त्याचा जितका उंच थर साचेल तितका पाऊस. एक चौरस मीटर फरशीवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर १ लिटर पाणी पडलं. माझ्यावर विश्वास ठेवू नका, गुणून बघा: १०० सेंटिमीटर लांबी, १०० सेंटिमीटर रुंदी, ०.१ सेंटिमीटर उंची. आले १००० घन सेंटिमीटर, म्हणजेच १ लिटर. घराचा पत्रा ५० चौरस मीटरचा असेल आणि रात्रीत १७ मिलिमीटर पाऊस झाला, तर पन्हळीतून ८५० लिटर पाणी गेलं.

आता लिटर का चालत नाही ते बघा. तुम्ही बादली ठेवली, शेजारच्या काकूंनी पातेलं ठेवलं. दोघांकडे पाणी वेगवेगळं जमणार, कारण तोंडं वेगवेगळी. पाऊस मात्र एकच. म्हणून जमलेलं पाणी भांड्याच्या तोंडाच्या क्षेत्रफळाने भागायचं. घनफळ भागिले क्षेत्रफळ म्हणजे उंची, आणि उंची आली की भांडं कुठलंही असो, आकडा एकच यायला हवा. हा मुद्दा आपल्याकडे फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी पाऊस मोजायला एक कुंड ठेवायला सांगितलंय आणि त्याच्या तोंडाची रुंदीही ठरवून दिली आहे, एक अरत्नी, म्हणजे साधारण हातभर. माप द्रोणात, म्हणजे घनफळाचं. पण तोंड सगळीकडे सारखं, म्हणून एका प्रदेशाचा पाऊस दुसऱ्याशी ताडून बघता येत होता. अवंतीला, म्हणजे आजच्या उज्जैनच्या बाजूला, २३ द्रोण, असा हिशेब तिथे दिलेला आहे. अपरांताचा, म्हणजे आपल्या कोकणाच्या बाजूचा पाऊस मात्र ‘अमित’, म्हणजे मोजता न येणारा, म्हणून सोडून दिलाय. जुलैत कोकणात राहिलेल्या माणसाला ते पटेल, पण विज्ञानाच्या वहीत ‘अमित’ लिहून मार्क मिळत नाहीत.

साधन बनवा

कोल्ड्रिंकची दोन लिटरची, सरळ अंगाची बाटली घ्या. मध्ये कंबर असलेली नको. खांदा संपून अंग सरळ होतं तिथे बाटलीभोवती कागदाची पट्टी गुंडाळा, तिच्या कडेने पेनाने रेघ मारा आणि त्या रेघेवर कापा. कटर घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात द्या, ओलं प्लास्टिक निसटतं. वरचा तुकडा झाकण काढून उलटा करून खालच्या भागात बसवा. झालं नरसाळं. दोन्ही कडा एका पातळीत आणा आणि बाहेरून चिकटपट्टी लावा. फट ठेवू नका.

नरसाळं कशाला, असं विचाराल. एक तर पाण्याचं तोंड लहान होतं, त्यामुळे बाष्पीभवन कमी होतं. दुसरं म्हणजे आत पडलेला थेंब उसळून बाहेर जात नाही. हे खरं की नुसतं सांगायचं म्हणून, ते तुम्हीच पुढे तपासणार आहात.

बाटलीच्या बुडाला खळगे असतात, त्यामुळे बाहेरून पट्टी लावून पाण्याची उंची मोजली तर सुरुवातीचे काही मिलिमीटर चुकतात. काही जण बुडात वाळू आणि पाणी घालून शून्याची रेघ आखतात. मला ती पद्धत आवडत नाही, कारण बाटली हलली की रेघ खोटी पडते. त्यापेक्षा सकाळी पाणी बाहेर काढून मिलिलीटरमध्ये मोजा आणि भागाकार करा. त्यासाठी मेडिकलमधून सुई नसलेली १० मिलिलीटरची सिरिंज आणा, किंवा शाळेच्या प्रयोगशाळेतलं मोजपात्र मागून घ्या. सिरिंजवर दोन आकड्यांमध्ये किती बारीक भाग आहेत ते आधी मोजा. एका भागाची जी किंमत, ते तिचं लघुत्तम माप. त्याहून बारीक आकडा ती सिरिंज तुम्हाला देऊ शकत नाही.

सिरिंज खरी की खोटी हे बघायचं असेल तर घरात किंवा ओळखीच्या किराणा दुकानात डिजिटल वजनकाटा असतोच. रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणा, सिरिंजने दहा वेळा १०-१० मिलिलीटर पाणी घाला. काट्याने १०० ग्रॅमच्या आसपास दाखवायला हवं, कारण १ मिलिलीटर पाण्याचं वजन जवळजवळ १ ग्रॅम भरतं. ९२ आले तर दोघांपैकी एक चुकतंय. कोण, ते शोधायला तिसरं साधन लागेल. दुकानदार तराजूवर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का मारून घेतात तो याचसाठी.

तोंड मोजा, आणि नीट मोजा

सगळा हिशेब बाटलीच्या तोंडावर उभा आहे, म्हणून इथे घाई नको.

पट्टीचं टोक झिजलेलं असतं, आणि पुष्कळ पट्ट्यांवर शून्य टोकापासून थोडं आत असतं. म्हणून टोकापासून मोजायचं नाही, शून्याच्या रेघेपासून मोजायचं, किंवा सरळ १ सेंटिमीटरच्या रेघेपासून सुरू करून शेवटी १ वजा करायचा. डोळा वाचायच्या रेघेच्या बरोबर वर हवा. तिरकं पाहिलं तर रेघ सरकलेली दिसते. खात्री नसेल तर डोकं डावी-उजवीकडे हलवून बघा, आकडा बदलताना दिसेल.

कापलेली बाटली पूर्ण गोल राहत नाही. म्हणून आतला व्यास तीन दिशांनी मोजा. समजा १०.६, १०.७ आणि १०.५ सेंटिमीटर आले. सरासरी १०.६, त्रिज्या ५.३. क्षेत्रफळ ३.१४ × ५.३ × ५.३. कॅल्क्युलेटर ८८.२०२६ दाखवेल. इथे थांबा. पट्टी मिलिमीटरपर्यंतच वाचते, तीन मापांत एका मिलिमीटरचा इकडे-तिकडे फरक आहे, मग क्षेत्रफळाचे चार दशांश कुठून आले? ते कॅल्क्युलेटरचे आहेत, तुमचे नाहीत. ८८ चौरस सेंटिमीटर लिहा.

म्हणजे तुमच्या बाटलीत १ मिलिमीटर पाऊस म्हणजे ८.८ मिलिलीटर पाणी. हा आकडा बाटलीवरच लिहून ठेवा. सकाळी १५० मिलिलीटर निघालं तर १५० भागिले ८.८, साधारण १७ मिलिमीटर.

आता एक गंमत करून पाहा. व्यास १०.५ धरून हिशेब केला तर तोच पाऊस १७.३ येतो, १०.७ धरला तर १६.७. पाणी तेच, फक्त व्यासातल्या एका मिलिमीटरच्या शंकेने उत्तर ०.३ ने वरखाली झालं. म्हणून ‘१७ मिलिमीटर, ०.३ कमी किंवा जास्त’ हे प्रामाणिक उत्तर. ‘१७.०४५ मिलिमीटर’ लिहिलं तर बाई कदाचित खूश होतील, पण तो आकडा तुम्ही मोजलेला नाही.

कुठे ठेवायची, कधी वाचायची

वळचणीखाली, झाडाखाली, बाल्कनीत ठेवलेली बाटली पाऊस मोजत नाही. ती पागोळ्या मोजते, किंवा काहीच मोजत नाही. साधा नियम असा की जवळची भिंत किंवा झाड जितकं उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर बाटली हवी. तीन मीटरचं शेवग्याचं झाड असेल तर सहा मीटर दूर. हवामान खात्याच्या साध्या पर्जन्यमापकाची कड जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटरवर असते. तुमची बाटली विटेवर ठेवली की जवळपास तेवढीच उंची येते. फार खाली ठेवली तर जमिनीवरचे शिंतोडे आत येतात. वाऱ्याने पडू नये म्हणून चारी बाजूंनी विटा लावा, पण विटांची उंची बाटलीच्या कडेच्या बरीच खाली हवी, नाहीतर विटांवरून उडणारं पाणीही हिशेबात धराल.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना गच्चीशिवाय पर्याय नाही. कठड्यापासून लांब ठेवा आणि वहीत ‘गच्ची, चौथा मजला’ असं लिहा. उंचावर वारा जास्त, त्यामुळे थेंब तिरके जातात आणि पाणी थोडं कमी जमतं. याचा अर्थ मोजू नये असा नाही, कुठे मोजलं ते सांगावं असा आहे.

जागेचं महत्त्व कळायला मुंबईचं उदाहरण पुरेसं आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटरची नोंद झाली. त्याच शहरात, त्याच २४ तासांत कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटर. दोन्ही आकडे खरे. ‘मुंबईत त्या दिवशी किती पाऊस झाला?’ या प्रश्नाला जागा सांगितल्याशिवाय उत्तरच नाही.

वेळेचंही तसंच. हवामान खातं सकाळी साडेआठला मागच्या २४ तासांचा पाऊस नोंदवतं. म्हणजे १५ जुलैच्या नोंदीत पडलेलं बरंचसं पाणी १४ तारखेचं असतं. तुमची शाळा सकाळची असेल तर साडेसहाला मोजा, पण रोज साडेसहालाच, आणि वहीच्या पहिल्या पानावर तसं लिहून ठेवा. एक दिवस साडेसहाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून आल्यावर मोजलं, तर पहिल्या नोंदीत २४ तासांचा पाऊस आणि दुसरीत तीसहून जास्त तासांचा. अशा दोन आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

मोजून झालं की बाटली पूर्ण रिकामी करा. पाऊस नसला तरी रोज बघा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, आणि विज्ञानाचा प्रकल्प म्हणून ते माफ करत नाहीत.

वही

तारीख, वेळ, मिलिलीटर, मिलिमीटर, शेरा. एवढे रकाने पुरे. शेऱ्यात ‘वारा जोराचा’, ‘बाटली तिरकी झाली होती’, ‘आत पान पडलं होतं’ असं काहीही. महिन्याने याच रकान्यातून उत्तरं सापडतात.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: शून्य आणि रिकामा रकाना वेगळे. बाटली पाहिली आणि कोरडी होती, तर ०. मामाकडे गेलात आणि पाहिलीच नाही, तर आडवी रेघ. रेघेच्या जागी शून्य लिहिलं तर महिन्याची सरासरी खोटी पडते आणि कुणाला कळतही नाही. बाटली भरून वाहिली असेल तर ‘१५० मिलिमीटरपेक्षा जास्त’ असं लिहा, कारण त्यापुढचं तुम्हाला माहीत नाही. परत आल्यावर तीन दिवसांचं पाणी एकत्र सापडलं तर तीन दिवसांची बेरीज म्हणून एकच नोंद करा. तीनने भागून तीन रकाने भरू नका.

पेनाने लिहा. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी नवा आकडा. व्हाइटनर नको.

आता प्रयोग

इथपर्यंत झालं ते मोजमाप. वैज्ञानिक पद्धत पुढे सुरू होते, आणि ती सुरू होते अशा प्रश्नापासून ज्याचं उत्तर चुकू शकतं. ‘पावसाचा अभ्यास करणे’ हा प्रश्न नाही. ‘मोठ्या तोंडाच्या भांड्यात जास्त मिलिमीटर पाऊस मोजला जातो का?’ हा प्रश्न आहे. घरात चार जणांना विचारून बघा, दोघं तरी ‘हो, मोठं भांडं म्हणजे जास्त’ म्हणतील. हे झालं एक गृहीतक. दुसरं गृहीतक: पाणी जास्त जमेल, पण मिलिमीटर सारखेच येतील.

गृहीतकाचा उपयोग तेव्हाच, जेव्हा त्यातून आधीच आकडा सांगता येतो. समजा बादलीच्या तोंडाचा व्यास २८ सेंटिमीटर. क्षेत्रफळ ३.१४ × १४ × १४, म्हणजे ६१५ चौरस सेंटिमीटर, बाटलीच्या सातपट. दुसरं गृहीतक खरं असेल तर बाटलीत १५० मिलिलीटर जमेल तेव्हा बादलीत १०५० च्या आसपास जमायला हवं. हे पाऊस पडायच्या आधी वहीत लिहा, तारखेसह. पाऊस पडून गेल्यावर ‘मला वाटलंच होतं’ म्हणणं सगळ्यांनाच जमतं.

दोन्ही भांडी शेजारी-शेजारी, एकाच वेळी, कड एकाच उंचीवर. बदल फक्त तोंडाच्या आकारात. बादली वर रुंद आणि खाली निमुळती असते, म्हणून तिच्यात पट्टी बुडवून उंची मोजू नका. बूड २० सेंटिमीटर रुंद असेल तर १७ मिलिमीटर पावसाचं पाणी बादलीत ३ सेंटिमीटरच्याही वर दिसेल, आणि तुम्ही ‘मोठ्या भांड्यात दुप्पट पाऊस’ असा शोध जाहीर करून मोकळे व्हाल. पाणी काढूनच मोजा, आणि तोंडाच्याच क्षेत्रफळाने भागा.

समजा बादलीतून १०१० मिलिलीटर निघालं. ६१.५ ने भागलं की १६.४ मिलिमीटर. बाटली म्हणते १७.०. दुसरं गृहीतक चुकलं का?

इथेच खरं काम आहे. बाटलीच्या आकड्यात ०.३ ची शंका आहे हे आपण पाहिलं. बादलीचा व्यास मोजण्यात दोन मिलिमीटर इकडे-तिकडे झाले तरी तिच्या आकड्यात ०.२ ची शंका येते. फरक ०.६ चा. अगदी काठावर. एका दिवसावरून काहीच सांगता येणार नाही, म्हणून पुढच्या पावसातही मोजा, त्याच्या पुढच्याही. बादली कधी थोडी कमी, कधी थोडी जास्त दाखवत असेल तर मोजण्यातला अंगभूत चढउतार आहे, सरासरीत तो बराचसा विरून जातो. पण बादली दर वेळी कमीच दाखवत असेल तर कितीही सरासऱ्या काढा, फरक जाणार नाही. मग कारण शोधायचं: उघड्या तोंडातून थेंब उसळून बाहेर जातात? बादलीच्या अंगाला पाणी चिकटून राहतं? ऊन पडल्यावर पाणी उडतं? प्रत्येक शंका म्हणजे नवा प्रयोग.

यातला बाष्पीभवनाचा प्रयोग कोरड्या दिवशी करता येतो. नरसाळ्याच्या बाटलीत १०० मिलिलीटर, उघड्या बादलीत १०० मिलिलीटर, दोन्ही पाऊस लागणार नाही अशा जागी एक दिवस ठेवा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मोजा. नरसाळं कशाला, याचं उत्तर तिथे मिळेल.

भिंतीजवळ ठेवल्याने किती फरक पडतो हे तपासायचं असेल तर सारख्या दोन बाटल्या बनवा, अ आणि ब. लगेच एक भिंतीशी आणि एक मोकळ्यात ठेवायची चूक जवळजवळ सगळेच करतात. मग फरक आला तर तो भिंतीमुळे की बाटलीमुळे हे कसं ओळखणार? आधी काही पाऊस दोन्ही शेजारी ठेवून बघा, सारखं दाखवतात ना. मग अ भिंतीशी, ब मोकळ्यात. काही दिवसांनी अदलाबदल. कमी आकडा जागेबरोबर गेला तर भिंतीचा परिणाम. बाटलीबरोबर गेला तर बाटलीत दोष. आणि भिंत वाऱ्याच्या कुठल्या बाजूला आहे ते शेऱ्यात लिहायला विसरू नका, नैर्ऋत्येकडून येणाऱ्या पावसात पूर्वेची आणि पश्चिमेची भिंत सारखी वागत नाही.

सरकारी आकड्याशी ताडून पाहा

राज्याच्या कृषी विभागाच्या महारेन या संकेतस्थळावर महसूल मंडळानुसार, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटानुसार, रोजचा पाऊस बघता येतो. तुमच्या मंडळाचा आकडा आठवडाभर आपल्या वहीत शेजारच्या रकान्यात लिहा. जुळणार नाही. वळवाच्या पावसात तर गावाच्या एका शिवारात चिखल आणि दुसऱ्यात धूळ असते. त्यामुळे आकडा वेगळा आला की लगेच ‘सरकारी यंत्र चुकीचं’ किंवा ‘माझी बाटली चुकीची’ यातलं काहीच म्हणू नका. संततधार पावसाचे दिवस वेगळे काढा, सरींचे वेगळे, आणि फरक कुठल्या दिवसांत जास्त आहे ते बघा.

हा खेळ घरातल्या मोठ्यांनाही रस वाटेल असा आहे. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरतात, आणि पिकाच्या नुकसानभरपाईत तो आकडा पाहिला जातो. यंत्र मंडळात एका ठिकाणी, शेतं सगळीकडे. तुमच्या वर्गातल्या सात-आठ जणांनी वेगवेगळ्या वाड्या-वस्त्यांवर एकसारख्या बाटल्या ठेवून एकाच वेळी मोजलं, तर एका मंडळात पाऊस किती बदलतो हे तुम्हाला आकड्यांत दाखवता येईल. फक्त त्याआधी सगळ्या बाटल्या एका अंगणात ओळीने ठेवून एका पावसात तपासून घ्या.

विज्ञान प्रदर्शनात हे मांडणार असाल तर तक्त्यावर प्रश्न, आधी लिहिलेला अंदाज, साधनाचं लघुत्तम माप, जागा, वेळ आणि आलेख एवढं ठेवा. अंदाज चुकला असेल तर चुकलेलाच लिहा. शेजारी मूळ वही ठेवा, पावसाचे डाग आणि खाडाखोड यांसकट. फेअर कॉपी करू नका, परीक्षक हुशार असतील तर ते आधी वहीच उघडतील.